दोह्यातला बर्फाचा मोसम

दोह्यात हिवाळा आल्याचं मला कानांनी कळतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी जाग येते आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. चष्मा जागेवर असतो, सुजाता स्वयंपाकघरात असते, मग गेलं काय? तर एसीची घरघर. सात महिने ती इतकी अखंड चालू असते की ऐकूच येत नाही. थांबली की ऐकू येते. मग हळूहळू बाकीचे आवाज पुढे सरकतात. खाली पार्किंगमध्ये साळुंक्या भांडत असतात, शाळेची बस मागे घेताना टीं टीं करते, वरच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाचा कुकर तिसऱ्या शिट्टीला आलेला असतो.

"दार उघडू का?" सुजाता विचारते.

बाल्कनीच्या दाराबद्दल आमची ही असं विचारते, जणू बाहेर पाहुणे खोळंबलेत. मी हो म्हणतो. वारा आत येतो, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटीसुलटी करतो. खाली ओल्ड एअरपोर्टच्या रस्त्यावर बावीस अंशांत मुलं कानटोप्या घालून बसची वाट बघत असतात. त्या कानटोप्या दिसल्या की मला हमखास तीन वर्षांपूर्वीचा बर्फ आठवतो.

दोह्यात कधी पडला बर्फ, असं विचाराल. नाही पडला. पण त्या वर्षी आमच्या घरात तीन आठवडे दुसरं काही नव्हतं.

गंमत म्हणजे माझा धंदाच थंडी बनवायचा. उंच इमारतींना गार पाणी पुरवणाऱ्या एका प्लांटमध्ये मी एकोणीस वर्षं नोकरी करतोय. मोठमोठे चिलर पाणी गार करतात, ते जमिनीखालच्या पाइपांतून इमारतींत जातं, तिथली उष्णता घेऊन कोमट होऊन परत येतं, आम्ही ते पुन्हा गार करून पाठवतो. ऑगस्टात बाहेर रस्ता वितळायला आलेला असतो आणि आत काचेच्या ऑफिसात बसलेली माणसं खांद्यावर शाल ओढून आमच्या नावानं बोटं मोडत असतात. इतकी थंडी मी या हातांनी बनवली. पण आभाळातून पडलेली, फुकटची थंडी काही पाहिली नव्हती.

नाही म्हणायला माझं गाव निफाडकडचं. आमच्याकडे पारा घसरला की पेपरात बातमी येते. लहानपणी एखाद्या पहाटे द्राक्षाच्या पानांवर पांढरी झाक दिसली की अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळायचं. बागेत जागोजागी ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, डोळे चोळत आम्ही भावंडांनी तो राखायचा. त्यामुळे पांढरं आणि गार दिसलं की संकट, एवढंच माझं शिक्षण. जगात लोक त्याच पांढऱ्या संकटाकडे आपण होऊन जातात, दोन्ही पाय एका फळीला बांधतात आणि त्यावरून हसत हसत घसरतात, हे कळायला मला पन्नाशीच्या उंबऱ्याशी यावं लागलं.

कळलं ते सईमुळे. आमची मुलगी. तेव्हा अकरावीत होती आणि घरात असूनही फारशी नसायची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही एका शब्दात. एसी बंद झाला त्याच आठवड्यात तिनं जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. शाळेची सहल. हिवाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस आल्प्समध्ये, वीस मुलं, दोन शिक्षक, स्नोबोर्डिंगचं शिक्षण. खाली पालकांच्या संमतीसाठी दोन ओळी रिकाम्या. मुदत तीन आठवडे.

मी कागद वाचला आणि अंगात संचारल्यासारखा ओरडलो, "अगं, शाळेबरोबर कशाला? आपण सगळेच जाऊ की!"

सई उठली. ताट उचलून सिंकमध्ये ठेवायला गेली. गप्प राहिली म्हणजे तिला पटलं, असा मी सोयीचा अर्थ काढला. आज मागे वळून बघताना स्पष्ट दिसतं की पोरीला फक्त एक सही हवी होती. मी सही सोडून सगळं केलं.

सगळं म्हणजे किती? तर दुसऱ्या दिवसापासून मी बर्फाचा अभ्यास सुरू केला. ऑस्ट्रियातलं एक छोटं गाव निवडलं, कारण तिथे चौकात कॅमेरा लावलेला होता आणि तो कुणालाही घरबसल्या बघता यायचा. आमच्याकडे दहा वाजायचे तेव्हा तिथे आठ. कंट्रोल रूममध्ये समोरच्या पडद्यावर माझे चिलर आणि हातातल्या फोनवर त्यांचा डोंगर. रोज आठ वाजता लाल टोपीतली एक बाई यायची, दुकानाच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्यानं बाजूला करायची, मग कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघायची. आपल्याकडे बायका अंगण झाडून झालं की अशाच उभ्या राहतात. एक दिवस ती आली नाही, तर मला दुपारपर्यंत चैन पडेना. सुजाताला फोन करून सांगितलं.

"आजारी असेल," सुजाता म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

मग मला शोध लागला की त्या डोंगरावरचा बर्फ निम्माशिम्मा माणसांनी बनवलेला असतो! उतारावर तोफांसारखी यंत्रं लावलेली असतात, खाली पंपहाऊस असतं, पाइपांतून पाणी वर चढवून त्याचा बारीक फवारा थंड हवेत उडवतात आणि खाली पडेपर्यंत त्याचा बर्फ होतो. मला भलताच आनंद झाला. म्हणजे एवढ्या लांब, त्या देवदारांच्या पायथ्याशी, माझ्यासारखाच कुणीतरी प्रेशर गेजवर टिचकी मारत बसलेला आहे! इतकंच नाही, तो जे तापमान बघतो तेच मी बघतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की जो आकडा येतो तो. हवा किती दमट आहे ते त्यावरून समजतं. माझा कुलिंग टॉवर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा मनोरा, त्या आकड्यावर चालतो आणि त्याची बर्फाची तोफही. ऑगस्टात आमच्याकडे तो तिशीला पोचतो आणि मी देवाचा धावा करतो. तिकडे तो शून्याच्या खाली जायची वाट बघत ते बसलेले असतात. हे मी रात्रीच्या जेवणाला सईला मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"कूल," सई म्हणाली आणि आमटीत पोळी बुडवली.

खोटं कशाला बोलू, ती मधेमधे सामील व्हायची. म्हणून तर मी फसलो. एका शुक्रवारी सकाळी तिनं मला हॉलच्या मधोमध उभं केलं. स्नोबोर्डवर आडवं उभं राहायचं असतं, एक पाय पुढे, एक मागे. पुढचा पाय डावा की उजवा हे ज्याचं त्याला ठाऊक नसतं, आणि शोधायची रीत अशी की बेसावध असताना मागून कुणीतरी धक्का द्यायचा. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल तो तुमचा पुढचा.

"आई, यू डू इट," सई म्हणाली.

सुजातानं पदराला हात पुसले आणि धक्का दिला. तो धक्का त्या दिवसाचा नव्हता, वीस वर्षांचा होता. मी टीव्हीच्या कपाटाला जाऊन भिडलो. पाय कुठला पुढे पडला ते कुणीच पाहिलं नाही, म्हणून पुन्हा एकदा दिला. सई जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. कित्येक महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं, हीच ती सहल. अजून विमानात बसलोही नाही आणि पोरगी परत मिळाली. आता तर जायलाच हवं.

आता आखातातल्या मराठी माणसाला एकट्यानं कुठे जाता येत नाही, हाही भाग आहे. समुद्रावर पाय बुडवायला निघालो तरी चार कुटुंबं, पोह्यांचे डबे आणि चटया निघतात. मी आमच्या विल्सनला नुसतं बोललो. विल्सन वसईचा, इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, आणि आम्ही एकाच वर्षी दोह्यात उतरलेलो.

"स्नोबोर्ड?" तो म्हणाला. "अरे बाबा, दर जानेवारीला माझ्याकडे रांग लागते. स्कीवाले गुडघा घेऊन येतात, बोर्डवाले मनगट. तुझं मनगट मी आत्ताच राखून ठेवतो, नंबर नको लावूस."

"तू पण चल की."

"मी?" विल्सननं डोकं खाजवलं. "विचारतो घरी."

घरी विचारलं आणि चार जणांचं झालं. एकूण सात. फोनवर ग्रुप निघाला, 'बर्फ मंडळ' या नावाचा. त्यावर सुजातानं यादी टाकली: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, छोटा कुकर. तिथे उंचावर डाळ शिजते का, यावर दोन दिवस चर्चा झाली. विल्सनच्या बायकोनं सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, बॅगेत घालू का विचारलं. अप्पांना गावाकडे फोन केला तर ते म्हणाले, "गारठा बघाया एवढ्या लांब? मग इकडं ये की! बागेत धूर करायला माणूस मिळंना झालंय."

ग्रुपवर सई पण होती. तिनं तिथे एकदाही काही लिहिलं नाही.

मग आली सीलाइनची सकाळ. दोह्याच्या दक्षिणेला, मसईद ओलांडलं की समुद्राला लागून वाळूच्या टेकड्या आहेत. मी विचार केला, बर्फ नाही तर नाही, उतार तर आहे! वाळूवर घसरायच्या फळ्या तिथे भाड्यानं मिळतात. तळाला मेण घासलं की त्या पळतात, म्हणून सुजातानं घरून देवघरातल्या दोन मेणबत्त्या घेतल्या होत्या, लाइट गेल्यावर लावायच्या. तोवरच्या सोळा वर्षांत लाइट गेले नाहीत, त्या तशाच होत्या.

पहिला मी. दोन्ही पाय बांधले, आडवा उभा राहिलो, हात पसरले. फळी जागची हलेना. मी अंग पुढे झोकलं, तर फळी राहिली आणि मी गेलो. वाळू कानात, नाकात, शर्टाच्या खिशात. दुसऱ्यांदा फळी गेली, मी राहिलो. सुजातानं उभं राहायच्या भानगडीत न पडता सरळ फळीवर मांडी घातली, ओढणी कमरेला खोचली आणि किंचाळत तळाशी पोचली. तिथून ओरडली, "अहो! परत!" त्या दिवशी ती अकरा वेळा घसरली. मी मोजलं, कारण तेवढंच करण्याजोगा उरलो होतो.

सई? सई तिसऱ्याच प्रयत्नात उभी राहिली. गुडघे किंचित वाकवून, नजर लांब, एका हातानं हवा कापत खाली गेली. मी धावत तिच्यामागे. "सई, वजन मागच्या पायावर नको! त्या व्हिडिओत सांगितलंय, खांदा वळव, खांदा!" ती मान हलवून फळी काखेत मारायची आणि शेजारच्या टेकडीवर जायची. मी धापा टाकत तिथे. ती त्याही पलीकडच्या. मी तिथेही. सूर्य वर येत होता, वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतत होते, आणि माझी शिकवणी चालूच.

चौथ्या टेकडीच्या पायथ्याशी सुजातानं माझा दंड धरला.

"अहो, ती लांब लांब जातेय."

"हो ना, तिकडे उतार चांगला आहे."

"उतार सगळीकडे सारखाच आहे," सुजाता म्हणाली.

मी वर पाहिलं. टेकडीच्या धारेवर सई उभी होती, पाठमोरी. घसरायला सुरुवात करण्याआधी तिनं मागे वळून पाहिलं, मी येतोय का ते. शाळेत असताना गुरुजी वर्गात आहेत का हे आम्ही खिडकीतून तसंच बघायचो.

वाळूत जाताना चाकांतली हवा कमी केली होती. परतताना ती भरायला थांबलो. सुजाता चहा आणायला टपरीवर गेली, गाडीत आम्ही दोघंच. आरशात बघत मी विचारलं, "सई, तुला आमच्याबरोबर यायचंय ना?"

"आय डोन्ट माइंड."

"माइंडचं नाही विचारत. यायचंय का?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. मग मराठीत बोलली. सावकाश, एकेक शब्द जुळवत, कारण हे मला नीट कळायला हवं होतं. "बाबा, मला ना, एकदा पडायचंय. तुम्ही बघत नसताना."

एवढंच. हवा भरणाऱ्या माणसानं बॉनेटवर थाप मारली, "खलास!" आणि मी गाडी सुरू केली.

शाळेच्या मुदतीला एक दिवस उरला होता. कागदाबरोबर पालकांचं एक पत्रही लागणार होतं, व्हिसासाठी: मुलीच्या प्रवासाला हरकत नाही, असं. आखातात राहिलेल्या माणसाला ना हरकत पत्र म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. नोकरी बदलायची तर ते लागायचं, बायकोला आणायचं तर लागायचं. सुरुवातीच्या वर्षांत सुट्टीवर देशाबाहेर जायचं तरी कंपनीची परवानगी हातात आल्याशिवाय बॅग भरायचा धीर होत नसे. आई आजारी असताना अशाच एका कागदासाठी मी दोन दिवस एका साहेबांच्या दाराबाहेर बसून होतो. साहेब वाईट नव्हते, मीटिंगमध्ये होते. इतकी वर्षं मी अर्जदार, दुसऱ्याच्या सहीकडे डोळे लावून बसणारा. ही सही मात्र माझी होती, आणि ती अडवून मी तीन आठवडे डोंगराची उंची मोजत होतो.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहायला बसलो. पहिला खर्डा दोन पानांचा झाला. हरकत नाही, मात्र रोज सकाळी व संध्याकाळी फोन करावा. हरकत नाही, परंतु मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय बोर्डवर पाय ठेवू नये. हरकत नाही, तथापि... सुजातानं वाचलं आणि म्हणाली, "यात हरकतीशिवाय काहीच नाही." तिनं पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेली. उरलं ते एवढं: आमची मुलगी सई हिनं या सहलीला जाण्यास आमची काही हरकत नाही. खाली तिनं सही केली. मग मी केली. नेहमीपेक्षा जरा मोठीच झाली.

सईनं ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. "थँक्स," म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावलं नाही.

'बर्फ मंडळ' बरखास्त केलं. विल्सननं लिहिलं, "मनगट वाचलं. येशू पावला." मी ऑस्ट्रियात राखून ठेवलेली खोली रद्द केली. भाजणी मात्र करून झाली होती. जानेवारीभर दोह्यात थालीपीठं खाल्ली.

ती गेली तेव्हा मी तिकडचा कॅमेरा उघडला नाही असं म्हणणार नाही. दोनदा उघडला. शाळा भलत्याच गावाला गेली होती. लाल टोपीवाली पायऱ्या साफ करत होती, एवढंच. सई परत आली ती नाक सोलवटलेली, कोपरावर मोठा जांभळा डाग घेऊन. मी विचारलं, कसा असतो बर्फ? "थंड," म्हणाली. डाग कशाचा, ते मी विचारलं नाही. जीभ टाळ्याला चिकटवून ठेवली होती. आजतागायत मला माहीत नाही.

आता ती जर्मनीत शिकते, दुसऱ्या वर्षाला. आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर, उघड्या दारातून येणाऱ्या वाऱ्यात, एकमेकांचे चष्मे शोधतो. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तीन वर्षं मी समजत होतो की बर्फाचं ते वेड सईसाठी होतं. पण ती नसतानाही मी त्या पंपहाऊसबद्दल वाचतोच आहे. पावलाखाली ताजा बर्फ दाबला जाताना नेमका कसा आवाज येतो, हे मला अजूनही जाणून घ्यायचंय. म्हणजे ते वेड माझंच होतं. पोरीच्या नावावर खपवत होतो. मागच्या आठवड्यात सुजाताला तसं सांगितलं.

"मग जाऊ या," ती म्हणाली. "मी मांडी घालून घसरेन."

एका गावात आठ दिवसांची जागा घेतली, पन्नाशीच्या नवशिक्यांना शिकवणारा मास्तरही ठरवला. परवा रविवारी सईचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तू ये, असं म्हणालो नाही. येतेस का, असंही नाही. गावाचं नाव, अपार्टमेंटचं नाव आणि तारखा, बस. सुजाता समोर बसून मटार सोलत होती आणि माझ्याकडे रोखून बघत होती.

 पलीकडून कळफलकाचा टकटक आवाज आला; सई काहीतरी शोधत होती.

"बाबा," ती म्हणाली, "इथून डायरेक्ट ट्रेन आहे तिकडे."

"अच्छा?" मी म्हटलं.

"हं." पुन्हा टकटक. "त्या अपार्टमेंटमधला सोफा... उघडतो का तो?"

उघडतो. नीट ऐसपैस उघडतो, वर रजाई ठेवलेली असते, शेजारी फोन लावायला सॉकेट आहे. जागा घेताना मी सगळ्यात आधी तेवढंच पाहिलं होतं.

"बघून सांगतो," मी म्हटलं.